दोन्ही पालकांची सही

सदाशिव पेठ, पुणे
८ जुलै २०२५

श्री. सुदर्शनराव यांस नमस्कार.

तुमचं पत्र काल शाळेत मिळालं. खरं सांगते, पाकीट हातात घेऊन मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. तेहेतीस वर्षं तिसरी-चौथीला शिकवतेय, पण 'माझी मुलगी अभ्यासात कुठवर आली' असं एखाद्या वडिलांनी आपणहून पत्र लिहून विचारल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे वडील शाळेत दोनदाच येतात. एकदा प्रवेशाला आणि एकदा भांडायला.

तुमच्या वाशीमकडच्या गावच्या मुख्याध्यापकांना मी पत्र टाकलं ते इतकंच विचारायला, की संस्कृती दुसरीत असताना किती वाचत होती. त्यांनी ते तुमच्या हातात दिलं, हे उत्तम झालं. तुमच्या पत्नी रुपालीताई प्रवेशाच्या वेळी मला म्हणाल्या होत्या, "बाई, दाखला नोका मागवू, पाया पडतो तुमच्या. वयानं बसवून घ्या." मी शब्द दिला आणि पाळला. दाखला मागवला नाही. चौकशीचं पत्र म्हणजे काही दाखला नव्हे.

आता मुलीबद्दल. तिसरीत आहे आणि फक्त अक्षरं ओळखते. 'कमळ' वाचताना क, म, ळ असे तीन मुक्काम करते आणि कमळापर्यंत पोचतच नाही. पण डोक्यानं चुणचुणीत आहे हो! हिशेब तोंडी करते. असली मुलं मागे पडतात तेव्हा कारण बहुतेक मुलात नसतं. माझा संशय डाव्या कानावर आहे. त्या बाजूनं हाक मारली तर वळत नाही. दोन वर्षं वर्गात अर्धंच ऐकलं असेल, तर वाचणार कुठून? लहानपणी कान फुटला होता का? कळवा.

माझी पद्धत अशी. शाळा सव्वाबाराला सुटते. साडेबारा ते दीड मी मागे पडलेल्या आठ मुलांचा वर्ग घेते. घरी रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं आणि वहीत पालकानं सही करायची. त्या वहीत मी दोन रकाने आखते, एक आईचा, एक वडिलांचा. मागच्या वर्षी आठ वह्यांत मिळून वडिलांच्या तीन सह्या झाल्या, त्यातली एक आजोबांची निघाली. मूल दोघांनी धरलं तरच वर येतं हे माझं ठाम मत आहे, आणि माझी मतं बदलत नाहीत अशी आमच्या घरी तक्रार आहे.

तुमच्यासाठी मी वेगळी वही घालते. पत्रातून प्रगती कळवीन, तुम्ही कागदावर सही करून पाठवा, मी चिकटवीन. मोबाईल वापरणं सोडलंय म्हणता, कौतुक आहे. हे पत्र तुम्ही दिलेल्या हिंमतराव किराणाच्या पत्त्यावर पाठवतेय.

आनंदीबाई
वर्गशिक्षिका, तिसरी

२५ जुलै २०२५

सुदर्शनराव,

सही पोचली. वहीत चिकटवली. तुमचे प्रश्न क्रमानं घेते, मास्तरकीची खोड.

मुलीला सकाळी आई सोडते. रुपालीताई शाळेजवळ, वारज्यातच एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटतात, दोनला सुटतात. त्यामुळे दीड ते दोन पोरगी शाळेच्या पायरीवर, फाटकाच्या आत बसते. नाही, त्या वेळी जवळ कुणी नसतं, शिपाईमामा डबा खायला जातात. खोली केंद्राच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. दोघीच असतात.

इतक्या बारकाईनं विचारणारा बाप पाहिला की बरं वाटतं. हे मी घरी बोलून दाखवलं, तर आमचे अनंतराव (पोस्टातून निवृत्त झालेत, तेव्हापासून पेपरातल्या शब्दकोड्यापलीकडे कशात लक्ष नाही) मान वर न करता म्हणाले, "तुला कुणी प्रश्न विचारला की तू पाघळतेस. उत्तर येतं म्हणून द्यायलाच हवं का?" बघा! या माणसाला कुणाचं म्हणून चांगलं बघवत नाही.

कानाचं मात्र मला कळेना. तुम्ही लिहिता झोक्यावरून पडली. रुपालीताई पालकसभेत म्हणाल्या, जन्मापासून असाच आहे. अहो, नवरा-बायकोंनी आधी आपसात एक उत्तर ठरवा, मग मास्तरणीला सांगा. तोवर मी तिला वर्गाच्या डाव्या टोकाला, खिडकीशी बसवलंय, म्हणजे उजवा कान माझ्याकडे येतो. फरक लगेच दिसला. आता शब्द वाचते. परवा 'भाकर' एका दमात वाचलं आणि स्वतःच दचकली. आईही मागे लागलेली आहे. ताई सातवी शिकल्यात, पण युक्ती बघा. शाळेला सुट्टी असली की पोरीला कामावर नेतात आणि पोळपाटाशेजारी सांडलेल्या पिठात बोटानं शब्द लिहून तिच्याकडून वाचून घेतात. मालकीणबाई ओरडतात, तरी घेतात. असे पालक मिळायला भाग्य लागतं.

रुपालीताईंना आपल्या पत्रांबद्दल काही सांगू नये, त्यांचा राग आहे आणि मुलगी वाचायला लागली की तुम्ही स्वतः येऊन दोघींना चकित करणार आहात, असं लिहिलंत. ठीक आहे. नवरा-बायकोच्या भांडणात मी पडत नाही. मला सह्या दोन्ही हव्यात, बस.

आनंदीबाई

१९ ऑगस्ट २०२५

सुदर्शनराव,

पार्सल मिळालं. लाल चपला छान आहेत, माप मात्र लहान पडतंय. मुलं वाढतात हो, तुम्ही वर्षभरापूर्वीचा पाय धरून घेतल्यात.

मी त्या तिला वर्ग सुटल्यावर दिल्या. "ओळख बरं कुणी पाठवल्या? पप्पांनी!" मला वाटलं, उडी मारेल. तिनं हातसुद्धा लावला नाही. माझ्याकडे बघून अगदी हळू विचारलं, "पप्पाले शाळा माहीत हाय का?" मी म्हटलं, माहीत आहे तर! ते तुझ्या अभ्यासाची सगळी चौकशी करतात, पण आईला इतक्यात सांगायचं नाही, गंमत आहे. तिनं मान हलवली. बाईंचं ऐकणारी मुलगी आहे. चपला माझ्या कपाटात आहेत.

लाजली असेल असं मी धरून चालले. पण आता जे लिहितेय त्यावर तुम्हीही विचार करा. त्या दिवसापासून वाचन घसरलंय. शब्दांवरून पुन्हा अक्षरांवर! क, म, ळ. आठवडाभर मी डोकं आपटतेय. घरच्या वहीत आईची सही रोज आहे, म्हणजे घरी वाचते आणि माझ्यापुढे वाचत नाही. खिडकीशी बसायला तयार नाही, भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसते, तिथे डावा कान माझ्याकडे येतो. मी दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा तिनं बाक घट्ट धरला. आणि दीड वाजता पायरीवर न बसता मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन उभी राहते, आई येईपर्यंत. विचारलं तर म्हणते, "तिथं सावली हाय."

मूल मागे का जातं याचा मला तेहेतीस वर्षांचा अनुभव आहे. ताप, उपास, घरातलं भांडण, नवीन भावंड. यातलं काही झालंय का, तुम्हाला माहीत असेल तर कळवा. तुम्ही विचारलंत ती कुठल्या बाकावर बसते, शाळेतून निघताना कुठल्या रस्त्यानं जाते. ते मी वर सांगितलंच, आणि रस्ता एकच आहे, चौकातून डावीकडे.

आनंदीबाई

९ सप्टेंबर २०२५

सुदर्शनराव,

तुमचं पत्र काल आलं. हे उत्तर लहान आहे.

पाकीट टेबलावर होतं. अनंतरावांनी ते उचललं, चष्मा वर करून शिक्का पाहिला आणि म्हणाले, "तुझा वाशीमचा पालक पुण्यातून पत्र टाकतो?" चाळीस वर्षं शिक्के बघितलेला माणूस आहे, चुकत नाही. मग आतला पत्ता मी नीट वाचला. यापुढचं उत्तर मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर पाठवा, असं लिहिलंत. पुण्यात आलात हे मात्र लिहिलं नाहीत. कधी आलात?

आणखी एक. तुमची पाचही पत्रं मी काल ओळीनं पुन्हा वाचली. शाळेला मागून दार आहे का, विचारलंत. सुटण्याची वेळ तीनदा विचारलीत. आई कामावर किती वाजता जाते, शेजारी कोण राहतं, खोलीला खिडक्या किती. एवढ्या पत्रांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की ती वाचते काय. गोष्ट कुठली आवडते, हे बापानं विचारू नये?

शनिवारी तेराला दीड वाजता मुलीला भेटायला येईन, बाईंनी कुणाला सांगू नये, असं शेवटी आहे. मी त्याचं उत्तर आत्ता देत नाही.

कानाचं खरं सांगा.

आनंदीबाई

११ सप्टेंबर २०२५, गुरुवार

रुपाली,

आजवर तुला 'अहो ताई' म्हणत आले. आज अगं म्हणते, कारण आज मी तुझ्यापुढे बाई म्हणून उभी राहूच शकत नाही. ही चिठ्ठी अनंतराव केंद्रात आणून देतील. पिठाचे हात पुसायला थांबू नकोस, आधी वाच.

सुदर्शन पुण्यात आहे. त्याला शाळा माहीत आहे, तुझं केंद्र माहीत आहे, तुझी खोली माहीत आहे. हे सगळं त्याला मी कळवलं.

जूनमध्ये मी तुमच्या गावच्या शाळेला पत्र लिहिलं. तू पाया पडली होतीस, दाखला मागवू नका म्हणून, आणि मी हुशारी केली. दाखला मागवला नाही, नुसती चौकशी केली. ते पत्र त्याच्या हाती लागलं. त्यानं मला इतक्या गोड अक्षरात लिहिलं की मी विरघळले. वडिलांनी लक्ष घालावं म्हणून मी जन्मभर बोंबलले, आणि एकानं घातलं तेव्हा तो का घालतोय हे विचारायचं मला सुचलं नाही. जुलैपासून मी त्याला पत्रं लिहितेय. तुझ्यापासून लपवून. त्याच्या सह्यांची वही माझ्या कपाटात आहे. त्यानं पाठवलेल्या लाल चपलाही.

संस्कृतीला महिनाभर हे माहीत आहे, रुपाली. तुला तिनं सांगितलं नाही, कारण मी तिला सांगितलं होतं, आईला सांगायचं नाही, गंमत आहे. त्या लेकरानं माझं ऐकलं. भिंतीशी बसली, स्वच्छतागृहात लपली, वाचायचं विसरली, पण बाईंचा शब्द मोडला नाही. माझ्या जिभेला काय झालं होतं गं!

मला कसं कळलं, तेही सांगते. मंगळवारी मी मुलांना 'माझे घर' यावर तीन वाक्यं लिहायला दिली, मनानं. तिची वही काल तपासायला घेतली. लाल पेन घेऊनच बसले होते, 'घराले' लिहिलं तर 'घराला' करायला. तिनं लिहिलं होतं:

आमच्या घराले आतून दोन कड्या हायेत. पप्पाले घर माहीत नाही. म्हणून आई हासते.

पेनाचं टोपण लावून ठेवलं. मग तिला जवळ घेतलं, उजव्या कानाशी विचारलं, कानाला काय झालं बेटा? तिनं हात उगारून दाखवला. पहिलीत होती म्हणे, पाढा चुकला होता. आणि मी त्या माणसाला लिहीत होते, मुलगी मागे का पडली याचा विचार करा म्हणून.

मी आणि अनंतराव सकाळीच पोलीस चौकीत जाऊन आलो. तिथले साहेब चांगले बोलले, अर्ज लिहून घेतला. पण विचारलं, "बापानं भेटू नये असा कोर्टाचा कागद आहे का? मग शाळेच्या दारात उभं राहिलं म्हणून धरायचं कसं?" कागद तुझ्याकडे नाही, मला माहीत आहे. तो करायचा, पण दुसऱ्या ठिकाणी राहून, आणि तो लागेल तोवर शनिवार उलटून जाईल.

तू उद्या सकाळी निघ. बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेशी अनंतराव बोलले आहेत. कुठे जायचं ते तुला रिक्षात बसल्यावर सांगतील. मला सांगणार नाहीत, मीच नको म्हटलं. मला विचारलं की मी सांगते, हा माझा रोग आहे. हा माणूस संसारात कधी आपणहून चार शब्द बोलला नाही म्हणून मी जन्मभर चिडले. आज पहिल्यांदा त्याचा आधार वाटतोय.

सोबत एक कागद आहे. पुढच्या शाळेतल्या बाईंना दे. त्यावर आमच्या शाळेचं नाव नाही, गावाचं नाव नाही. इतकंच लिहिलंय: मुलीला वर्गाच्या डाव्या टोकाला बसवावे. शब्द वाचते, घाबरली की अक्षरांवर येते, तेव्हा ओरडू नये, थांबावे. हिशेब तोंडी येतो. आई पिठात लिहून शिकवते, ते चालू ठेवावे. वडिलांची सही मागू नये. आणि कृपा करून जुन्या शाळेला पत्र लिहू नये.

माफी मागत नाही. तू देशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि ती मला पेलणार नाही. पोरीला सांग, बाई चुकल्या. बाईसुद्धा चुकतात हे तिला कळू दे. यापुढे कुणी म्हटलं की आईला सांगू नकोस, तर आधी आईलाच सांगायचं.

आनंदी

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार, दुपार

श्री. सुदर्शनराव यांस नमस्कार.

मागच्या पत्रात माझा सूर जरा चढला होता. राग मानू नका. वय झालं, त्यात गणपतीची दगदग आणि सहामाहीचे पेपर काढायचे. अनंतरावांचा शिक्का बघण्यातही काही अर्थ नसतो, त्यांना दोन नंबरचा चष्मा लागलाय. हे पत्र पोस्टात न टाकता मी स्वतः स्कूटरवर येऊन तुमच्या गाळ्यावर बसूनच लिहून ठेवतेय, म्हणजे तुम्हाला आजच मिळेल. तुम्ही माल उतरवायला गेलात असं कळलं. गाळेवाल्यांनी तुमची खूप स्तुती केली. शांत माणूस आहे म्हणाले.

उद्या शनिवारी मात्र येऊ नका, फुकट खेप होईल. शाळेला सुट्टी आहे, वर्ग नाही. रुपालीताईंनी गल्लीतली खोलीही परवाच बदलली, घरमालकाशी काही झालं म्हणे, तेव्हा तिकडे शोधत फिरू नका. केंद्रातही त्यांनी सकाळच्याऐवजी संध्याकाळची पाळी घेतली आहे, तीही इथल्या नव्हे, दुसऱ्या शाखेत. नवीन पत्ता मी संस्कृतीकडून तिच्याच अक्षरात लिहून घेतलाय. ती आता पत्ता लिहू शकते, कौतुकाची गोष्ट आहे. पण असा कागद गाळ्यावर ठेवणं बरं नव्हे. समक्ष देईन.

पुढच्या शनिवारी, वीस तारखेला, आमचा वाचनाचा मेळावा आहे. मागे पडलेली आठही मुलं पालकांसमोर एकेक गोष्ट वाचणार. संस्कृतीचं वाचन सुधारलंय हे सांगायला आनंद वाटतो. आज सकाळीच तिनं माझ्यासमोर रिक्षावर लिहिलेली पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, जोडाक्षरासकट, कुठेही न थांबता. मी उजव्या बाजूला उभी होते. मग मागे वळून माझ्याकडे बघून हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी प्रथमच पाहिलं. तुम्ही पाहायला हवं होतं असं मी म्हणणार होते, पण जाऊ दे.

तोवर आठ दिवस धीर धरा. मुलीची चौकशी करायची असेल तर मलाच करा, शाळेत दुसऱ्या कुणाला काही माहीत नसतं. पत्र लिहा, मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईन. ती काय वाचते, कुठे बसते, किती वाजता सुटते, सगळं सविस्तर. मला विचारलं की मी सांगते, हे तुम्ही जाणताच.

वहीत तुमच्या सहीची जागा रिकामी ठेवली आहे. वीस तारखेला दीड वाजता या. मागचं दार बंद असतं, पुढच्या फाटकानंच या. शिपाईमामा तेव्हा डबा खायला जातात आणि पायरीवर कुणी नसतं, पण काळजी नको. आता रोज त्या वेळी तिथे मी बसते.

आनंदीबाई